वाकडी वेणी

पुनर्वसन केंद्राच्या दारातल्या यंत्राने प्रज्ञाच्या मनगटावरचा पट्टा वाचला आणि गोड आवाजात सांगितलं, "दुःख एकाहत्तर. खाट ऐंशीच्या वर मिळते. सुधारणेबद्दल अभिनंदन!"

"अरे, काल पंच्याऐंशी होतं!" तिचे वडील, निवृत्त एसटी ड्रायव्हर भीमराव घोडके, यंत्रावरच खेकसले. "झोपेच्या गोळ्यांवाचून पोरगी एक दिवस राहत नाही, आणि सुधारणा कसली?"

यंत्राने पुढची तारीख दिली. सहा महिन्यांनंतरची.

चूक भीमरावांचीच होती. डॉक्टरांपुढे जायचं तर माणूस नीटनेटका हवा, म्हणून सकाळी त्यांनी लेकीच्या ड्रेसला इस्त्री केली, डोक्याला तेल लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वेणी घातली. ती इतकी वाकडी झाली, की आरशात बघून प्रज्ञा खुदकन हसली. वर्षभराने हसली. भीमरावांना कोण आनंद झाला होता!

परतीच्या बसथांब्यावर वेणी सुटू लागली, तसा त्यांनी ती बांधायला हात पुढे केला. प्रज्ञाने डोकं हळूच बाजूला घेतलं.

"नको बाबा," ती म्हणाली. "पुन्हा हसू यायचं."