हात बुडाल्यासारखं पाणी

"काच तडकली तर मासे काय माझ्या पदरात सोडणार?" सासूबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या. पण ह्यांनी माशांच्या टाकीला अगदी गोल भोक पाडलं, पीव्हीसीचा पाइप बसवला. पाणी जास्त झालं की आता बादलीत पडणार होतं. सगळे खूश.

गिरण्यांच्या संपात घराबाहेर पडलेले माझे दीर, महादेवभावोजी, अजून परतले नव्हते. पूर्वी गिरणीची पहिली पाळी सुटली की ते घरी येऊन टाकीत हात घालून माशांना खायला द्यायचे. सासूबाई रोज त्यांचं ताट वाढायच्या.

पहिली पाळी सुटायच्या वेळेला, टाकीजवळ कुणी नसताना, पाणी हळूच चढलं. कुणी कोपरापर्यंत हात बुडवावा तसं. पाइपातून बादलीत पडलं. खादाड मासे खाणं मिळायच्या जागीच गोळा झाले. पाण्यावर कापसाचे तंतू तरंगले.

"महादेव गेला गं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "जिवंत असता तर दारातून आला असता."