सर्वांत मोठी चूक

“तुमची सर्वांत मोठी चूक कोणती?” कारखान्याच्या प्रमुखपदासाठी आलेल्या सहाव्या उमेदवाराला वृंदानं थकल्या आवाजात विचारलं. आधीचे पाचही जण एआयकडून उत्तरं घोटवून आले होते. “माणसांचं ऐकायला उशीर केला,” हेच प्रत्येकानं ऐकवलं होतं.

हा मात्र म्हणाला, “एका फिटरला चोर ठरवून काढलं, मॅडम. हरवलेला मोजमापाचा मायक्रोमीटर माझ्याच ड्रॉवरमध्ये सापडला. माफी मागायला घरी गेलो, तर त्याच्या फोटोला हार होता.”

वृंदाचं पेन थबकलं.

मुलाखतींना गुण देणाऱ्या एआयनं त्याला शेवटचा नंबर दिला: ‘उत्तरात आत्मविश्वास नाही.’ एआयचे गुण डावलून कंपनीच्या बोर्डाशी कोण भांडत बसणार? तिनं पहिल्या नंबरवाल्याच्या नावापुढे सही केली.

यापुढे तिला कुणी हाच प्रश्न विचारला, तर उत्तर एआयकडून लिहून घ्यावं लागणार नव्हतं.