स्टेडियमच्या वाटेतलं घर

"स्टेफान दुबेट्झ," कारकुनाने पुढचं नाव पुकारलं आणि नगरसेवकांच्या रांगेत बसलेली हालीना दुबेट्झ चमकली. बाबा आज बोलणार आहेत हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. बाबांनीही नाही.

पण लगेच तिला बरंही वाटलं. आइस हॉकीचं नवं स्टेडियम ज्या गल्लीवर उभं राहायचं होतं, तिथली सगळी घरं विकली गेली होती. बाबांचं तेवढं उरलं होतं. बडा संघ येईल याची हमी कोणी देत नव्हतं, तरी शहराने लोकांच्या करातून स्टेडियम बांधून ठेवायचं, असा तो ठराव. हालीना दोन वर्षं त्याच्याशी भांडत होती. काठावरचे तीन नगरसेवक तिच्या बाजूने टिकले होते ते एवढ्यासाठीच, की एका म्हाताऱ्याला घराबाहेर काढल्याचा डाग त्यांना नको होता.

मागच्या बाकांवर, फार पूर्वी शहर सोडून गेलेल्या संघाच्या जर्सी घातलेली माणसं बसली होती. त्यांच्यातला एक ओरडला, "आजोबा, वाट सोडा की आता!"

महापौरांनी हातोडा आपटला. बाबांनी टोपी काढून काखेत धरली.

"वाट सोडली," ते माइकमध्ये म्हणाले. "घर विकलं मी. गेल्या महिन्यात."

हालीनाला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मग मागून आरोळी उठली आणि तिला कळलं की सगळ्यांनी तेच ऐकलं होतं.

"बाबा, कोणी दबाव आणला तुमच्यावर?" ती उभी राहिली.

"नगरसेविकाबाई, नियमाप्रमाणे..." महापौर म्हणाले.

"विचारू द्या तिला," बाबा म्हणाले. "दबाव कसला? घरं विकत घेणाऱ्या त्या कंपनीचा ड्वेन यायचा. दारातला बर्फ काढायचा, माझ्या हातचे बटाटा भरलेले पेरोगी खायचा. जळलेले असले तरी खायचा."

"अहो, त्याला त्याचा पगार मिळतो!"

"ते का मला ठाऊक नाही? तरी यायचा."

कोणीतरी फिसकन हसलं. हालीना खाली बसली.

"आता मुद्द्याचं," बाबा नगरसेवकांकडे वळले. "ही बाई म्हणते ते शंभर टक्के खरं आहे. धनदांडग्यांच्या संघाला आपण कशाला छप्पर घालून द्यायचं? आणि नाहीच आला संघ, तर त्या बर्फावर काय कपडे वाळत घालायचे? ठराव पाडा. एवढंच सांगायला आलो होतो."

पण आता ठराव पाडायला कोणाला कारणच उरलं नव्हतं. नावं पुकारली गेली. काठावरचे तिघेही, एकामागून एक, "बाजूने" म्हणाले. त्यातल्या एकाच्या चेहऱ्यावर तर सुटका झाल्याचा आनंद होता. हालीना "विरोधात" म्हणाली, पण ते जर्सीवाल्यांच्या जल्लोषात तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

खाली दरवाज्याशी जर्सीतली तरुण पोरं बाबांची पाठ थोपटत होती आणि बाबा त्यांना शिव्या देत होते. हालीनाने त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं, गाडीत बसवलं. गाडी सुरू केली.

"मला एका शब्दाने सांगायचं तरी," ती म्हणाली.

"फोन केला की तू म्हणायचीस, बाबा, घाईत आहे, तुमच्याच घराचं काम चाललंय. मग म्हटलं, करू दे काम."

चौकात सिग्नल लाल होता. हालीनाने सवयीने बाबांच्या घराकडे, डावीकडे वळायचा दिवा लावला.

"तिकडे कुठे?" बाबा म्हणाले. "तिथली वीज कधीच तोडली. मी धाकट्या पुलापलीकडे राहतो आता, वृद्धांच्या इमारतीत. तीन आठवडे झाले."

"अहो, पण शनिवारी मी त्या घरासमोर सभा घेतली! पायरीवर उभी राहून! आत माझे बाबा बसलेत, असं म्हणाले मी..."

"हो ना. टीव्हीवर पाहिली आम्ही इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून," बाबा म्हणाले. "छान बोललीस."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला, मग आणखी एकीने. स्टिअरिंग घट्ट धरून हालीना तशीच बसून राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "कुठे वळू?"