डावी बाजू

“उजवीकडचं तू सांभाळ, बाळा. डावीकडचं मी बघतो. हंगाम संपला की मात्र मला घरी नेऊन सोड.” डिसेंबरात, डोळे मिटण्यापूर्वी आइस हॉकीचे म्हातारे प्रशिक्षक गास्तोंमास्तर आपल्या गोलरक्षकाला, रेमीला म्हणाले होते. जमीन गोठलेली, म्हणून त्यांची शवपेटी हिवाळाभर चर्चमागच्या दगडी खोलीत थांबली. आज दुपारी त्यांना मूठमाती द्यायची होती.

सकाळी संघाच्या कचेरीत व्यवस्थापक मोनिकबाई पडद्यावर रेमीच्या नुकत्याच संपलेल्या हंगामाचं चित्रण तपासत होत्या.

“गोलरक्षक आहेस की खानावळीचा मालक? डावीकडचं दार कायम सताड उघडं.”

“हो, बाई.”

“तरी डिसेंबरापासून तिथून एक गोल नाही. चकती दर वेळी खांबावर आपटते आणि बाहेर जाते. खांबाला लाच देतोस का?”

“सामन्याआधी काठीने दोनदा ठोकतो. सगळेच गोलरक्षक ठोकतात.”

“मग ठोकत राहा. असाच खेळणार असशील तर तीन वर्षांचा करार तयार आहे. कर सही.”

रेमीने पेन खाली ठेवलं. “पुढच्या वर्षी डावीकडून गोल होतील, बाई. खोटी सही कशी करू?”

तो खाली रिकाम्या मैदानात गेला. बर्फ अजून तसाच होता. त्याने डाव्या खांबावर हळूच दोनदा ठोकलं.

“चला, मास्तर.”

बाहेरचं दार त्याने एका माणसाला लागतं त्याहून जरा जास्त वेळ उघडं धरलं. मग वाटेची डावी बाजू मोकळी सोडून, म्हाताऱ्याच्या चालीने, तो दफनभूमीकडे निघाला.