काच हातात असताना

"पायरी," सासरे म्हणाले.

सुनेनं मागे न बघता पाऊल वर टेकवलं. ती उलटी चढत होती, ते समोरून. मध्ये दारासाठीची मोठी, जाड काच. लिफ्टमध्ये ती मावत नव्हती आणि दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. दिवसातलं हे शेवटचं काम. खांदे भरून आले होते, बोटं हातमोज्यांत भिजली होती.

काच हातात असताना बोलायचं नाही, हा सासऱ्यांचा नेम. पायरी, वळण, टेक, उचल. एवढ्या शब्दांत सगळा संसार. बाकी जगाला आग लागली तरी काच खाली ठेवल्यावर बघू.

सुनेला आज नेमकं तेच हवं होतं. काच खाली ठेवली की ते तिच्याकडे बघणार, आणि त्यांनी बघितलं की तिची जीभ टाळ्याला चिकटणार. आत्ता ते फक्त पायऱ्या बघत होते.

"नाना, त्या शाळेच्या बसवाल्याच्या स्थळाला मी हो म्हणणार आहे. माझा दादा उद्या विचारायला येतोय."

सासऱ्यांचं पाऊल अडखळलं नाही. काच केसभरही हलली नाही.

"वळण," ते म्हणाले.

ती वळली. त्यांचा मुलगा, तिचा नवरा, गेला तेव्हाही हे असेच होते. तेरावा उलटला नाही तोच तिच्यापुढे हातमोजे ठेवून म्हणाले होते, "चल. काच एकट्याला उचलत नाही." तेव्हापासून एक टोक त्यांचं, एक तिचं. लोक म्हणायचे, म्हातारा दगड आहे दगड. पोटचा पोर गेला आणि पापणी ओली नाही. तीही कधीकधी तसंच म्हणायची, मनात.

दवाखान्यात डॉक्टर घड्याळ बघत उभे होते. काच लाकडी पट्ट्यांवर टेकली आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पेशंट धडकला तर फुटणार नाही ना?"

सासऱ्यांनी मूठ वळली आणि काचेच्या मधोमध धाडदिशी हाणली. डॉक्टर दचकून मागे सरकले. काच नुसती घुमली.

"डॉक्टर, पेशंटच्या कपाळाची काळजी करा. ही मऊ पडेस्तोवर तापवलेली असते, अन् मग दोन्हीकडून एकदम गार वारा. वरचं अंग झटक्यात घट्ट होतं, आतलं मागं राहतं. मग जन्मभर ते आतलं वरच्याला ओढत बसतं. त्या ओढीनंच तिच्यात बळ येतं."

"आणि ओढ सुटली तर?"

"मग काही उरत नाही," सासरे म्हणाले आणि पाना हातात घेतला.

सुनेनं काच धरली. सासऱ्यांनी बिजागरीच्या दोन पत्र्यांत काचेची कड बसवली आणि स्क्रू आवळायला घेतला. एक फेरा. दुसरा. त्यांच्या कानाजवळची शीर उडताना तिला दिसली. नाना, बोला ना काहीतरी, असं तिच्या ओठांवर आलं. त्यांनी आणखी अर्धा फेरा दिला.

खडीचं पोतं ओतावं तसा आवाज झाला. तिच्या हातांत काच होती, आणि मग हातांत काहीच नव्हतं. तिघांच्या पायांशी मिठाच्या खड्यांसारखा ढीग पडला होता आणि बराच वेळ त्यातून टिकटिक ऐकू येत होती. आत राहिलेले मोठे खडे आपले आपण तडकत होते.

"लागलं का गं?"

"नाही. तुम्हाला?"

सासऱ्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. रबराच्या दोन पट्ट्या बाहेर काढल्या आणि तळहातावर धरून बघत राहिले. पत्रा काचेच्या कडेला थेट टेकू नये म्हणून त्या मध्ये घालायच्या असतात. शिकाऊ माणसालाही पहिल्याच दिवशी सांगतात. सारी हयात त्यांनी हेच काम केलं होतं.

"अहो, पण आत्ताच तर तुम्ही बुक्की मारून दाखवलीत," डॉक्टर म्हणाले.

"बुक्कीनं नाही फुटली, डॉक्टर. माझ्याकडून राहिलं. नवी आणून बसवतो. केरसुणी आहे का?"

दोघं वाकून झाडू लागली. खडे पुढे लोटले तरी मागे घरंगळत होते. डॉक्टर आतल्या खोलीत गेल्यावर सून हळूच म्हणाली, "नाना, मी दादाला नको म्हणून सांगते."

"का? काच फुटली म्हणून?"

"दुसरं टोक कोण धरणार?"

"धरील कुणी तरी." ते केरभरणी कलती करून खडे पोत्यात ओतत राहिले. "नाही मिळालं कुणी तर आरसे बसवीन, न्हाणीघरातले. आरसा एकट्याला पेलतो." मग जरा थांबून म्हणाले, "माणूस बरा आहे का?"

"बरा आहे. कमी बोलतो."

"म्हणजे तुला सवय आहेच."

तिला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरले. तिनं चेहरा पोत्याकडे वळवला. सासऱ्यांनी पोत्याचं तोंड बांधलं, खांद्यावर टाकलं आणि जिना उतरायला लागले. तिनं हात पुढे केला, तर नको म्हणून मान हलवली.

खाली टेम्पोत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

"दादा कधी येणारे?"

"संध्याकाळी. कामावरून सुटला की."

"सकाळीच ये म्हणावं," सासरे म्हणाले. "सकाळी मी बरा असतो."