निळं दार

अ‍ॅक्रिलिकचा रंग चहा निवेपर्यंत वाळतो. म्हणून चित्रातल्या निळ्या दाराची कड तिसऱ्यांदा ओली लागली, तेव्हा माझा संशय ताईवरच गेला. घरात आम्ही दोघीच.

"ताई, कॅनव्हासला हात लावलास?"

"मला काय हौस आलीय? तुझे ब्रश धुऊन नखं रंगली, तेवढं पुरे." तिच्या नखांत पिवळा होता. निळा नव्हता.

तरी मनात पाल चुकचुकलीच. जेवायला जाताना मी खोलीला कुलूप घातलं. ताई समोरच बसून जेवली, एकदाही उठली नाही.

परत येऊन पाहते तर कड ओलीच. शिवाय तिच्यावर चार बोटं उमटली होती, कुणी आतून धरून ढकलल्यासारखी.

मी चित्रातल्या भिंतीचा नारिंगी रंग घेतला आणि रुंद ब्रशने ते दार पार बुजवलं. वाळल्यावर दुसरा हात दिला. निळ्याचा मागमूस उरला नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

"झालं गं, ताई," म्हणत मी जायला वळले.

खोलीच्या दाराच्या आतल्या मुठीवर तीच चार निळी बोटं होती. बाहेरून कुलूप होतं, म्हणजे ज्याची ती बोटं, त्याला बाहेर पडता आलं नसणार.

आणि चित्रातलं दार तर मी आत्ताच बुजवलं होतं.