हिरामणची हिस्टरी

तिसरा विद्यार्थीही तोंड पाडून बाहेर आला. "वहीत रोग्याची हिस्टरी लिहायची तरी काय? काही विचारलं की तो भलतंच उत्तर देतो."

आता नंबर सालेहाचा होता. १९८७ सालच्या त्या शिबिरासाठी मुंबईच्या मेडिकल कॉलेजने अख्खी तुकडी भिवंडीच्या एका दवाखान्यात आणून बसवली होती. रोग्याशी नुसतं बोलून आजार ओळखायचा, बाकी काही नाही. नापास होईल तो सहा महिने मागे. सालेहाच्या घरात डॉक्टर सोडाच, मॅट्रिकच्या पुढेही कुणी गेलं नव्हतं.

आत टेमघरचा हिरामण बाकावर बसला होता. तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूम चालवलेला माणूस. परीक्षा घेणारे सामंत सर मागे खिडकीपाशी उभे होते. वर्गात सालेहा कायम पहिल्या बाकावर बसायची आणि त्यांच्या चेहऱ्यावरची नजर काढायची नाही. आज मात्र सर गप्पच दिसत होते. तिला ते बरंच वाटलं.

तिने खुर्ची पुढे ओढली, गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि हातवारे करत मोठ्याने विचारलं, "काका, काय होतंय?"

"काय न्हाय, बेटी. खोकला हाय थोडा."

गप्पा रंगल्या. सालेहाच्या घरात खाली बारा लूम दिवसरात्र चालायचे, त्यामुळे तिच्याकडे चहासुद्धा असाच समोरासमोर ओरडून मागावा लागे. मग बाकीच्यांचं घोडं अडलं कुठे? तिला मोठं नवल वाटलं. हिरामण बोलता बोलता मध्येच तिच्या खांद्यावरून मागे बघायचा, मग तिच्याकडे बघून थांबायचा. हे आणखी एक कोडं.

तिला एक शंका आली. तोंडापुढे वही धरून तिने विचारलं, "जेवलात का?"

हिरामण गप्प.

वही बाजूला करून तिने तेच विचारलं.

"जेवलो की."

सालेहा इतकी खूश झाली की उभीच राहिली. मागे वळून म्हणाली, "सर, यांना ऐकू येत नाही. लूमच्या आवाजाने कान गेलेत. हे ओठ वाचतात."

सर तिच्यासमोर आले. "बरोबर. पास."

मग त्यांनी बसून एक चिठ्ठी लिहिली आणि तिच्या हातात दिली. "मुंबईला, कानाच्या विभागात. याच आठवड्यात." एवढं बोलून ते बाहेर गेले.

आनंदाच्या भरात सालेहाने चिठ्ठी न वाचताच हिरामणपुढे धरली. "काका, ही घेऊन जा. उशीर करू नका."

हिरामणने हात पुढे केला नाही.

"माजी चिठ्ठी मला कालच भेटली," तो हळूच म्हणाला. "आज सर पाठून चारदा तुला हाका मारत व्हते. त्यांचं तोंड हललेलं मी बघितलं, बेटी. तू वळलीच न्हाय."